साखर, कर्करोग आणि एका संशोधकाची चाळीस वर्षे

‘डॉक्टर, साखर बंद केली की कॅन्सरची गाठ उपाशी मरते म्हणतात, हे खरे का?’ हा प्रश्न हल्ली आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतोच. कधी रुग्ण स्वतः विचारतो, तर कधी त्याला बाहेर बाकावर बसवून त्याचा मुलगा आत येऊन हळू आवाजात विचारतो. बहुतेकांच्या हातात मोबाईल असतो आणि त्यावर कुणीतरी पाठवलेला मजकूर असतो. आपला जिल्हा उसाचा. साखर कारखान्याच्या भोंग्यावर ज्या गावांनी घड्याळे लावली, त्याच गावांत आता साखरेला कर्करोगाची जननी ठरवले जात आहे. पण हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या एका वाक्यापायी कर्करोगाच्या रुग्णांचे घरोघरी चाललेले हाल मी पाहतो आहे.

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. ‘हो’ म्हणावे तर रुग्ण उपाशी राहतो, आणि ‘काही संबंध नाही’ म्हणावे तर ते शास्त्राला धरून होत नाही. साखर, इन्शुलिन आणि कर्करोग यांचे नाते आहे. मात्र ते कसे आहे हे उलगडायला अनेक प्रयोगशाळांना कित्येक दशके खपावे लागले. या कामात ज्यांचे नाव पुढे आहे, त्या ल्यूइस कँटली या अमेरिकन शास्त्रज्ञाची कारकीर्द आज वाचकांपुढे ठेवतो. ती समजून घेतली की मोबाईलवरच्या मजकुरात किती तथ्य आणि किती भर, हे ज्याचे त्यालाच ठरवता येईल.

अशुद्ध रसायनाने दिलेला धडा

कँटली यांचा जन्म १९४९ सालचा. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया हे डोंगराळ, कोळशाच्या खाणींचे राज्य. तिथे ते वाढले. त्याच राज्यातील एका लहान कॉलेजातून १९७१ मध्ये त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि १९७५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. म्हणजे गडी मुळात डॉक्टर नव्हे, रसायनशास्त्रज्ञ. कर्करोगावर औषध शोधायचे म्हणून ते या क्षेत्रात आले असेही नाही. पेशीच्या पडद्यावर जे काही चालते ते कसे चालते, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

पुढे ते हार्वर्ड विद्यापीठात ग्विडो ग्विडोटी यांच्या प्रयोगशाळेत गेले. आपल्या प्रत्येक पेशीच्या पडद्यात एक पंप असतो. तो सोडियम बाहेर फेकतो आणि पोटॅशियम आत ओढतो. या पंपाला लागणारे इंधन म्हणजे एटीपी नावाचे रसायन. प्रयोगासाठी बाजारात मिळणारे, प्राण्यांच्या स्नायूंपासून काढलेले एटीपी वापरले की हा पंप अडखळे. दुसऱ्या प्रकारे तयार केलेले एटीपी वापरले की तोच पंप सुरळीत चाले. दुसऱ्या एखाद्याने ‘माल खराब निघाला’ म्हणून बाटली बदलली असती आणि पुढच्या कामाला लागला असता. कँटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र त्या मालात खराबी कसली आहे याचाच शोध घेतला. स्नायूतून आलेला व्हॅनेडियम या धातूचा अंश त्यात होता आणि तो अत्यल्प प्रमाणातही पंप बंद पाडत होता. १९७७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

हा किस्सा विस्ताराने सांगितला, कारण या माणसाचा स्वभाव त्यात दिसतो. हिशेबात एक पैशाचा फरक आला तर जुने दिवाणजी रात्रभर कीर्द-खतावणी चाळत बसत, त्यातला हा प्रकार. पुढच्या मोठ्या शोधाच्या वेळी हीच चिकाटी उपयोगी पडली.

तिसऱ्या जागेवरचा फॉस्फेट

१९७८ मध्ये कँटली हार्वर्डमध्ये अध्यापक झाले आणि १९८५ मध्ये बोस्टनच्याच टफ्ट्स विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले. त्या सुमारास कर्करोगाच्या संशोधनात विषाणूंचा बोलबाला होता. पॉलिओमा नावाचा एक विषाणू उंदरांमध्ये गाठी निर्माण करतो. त्याचे एक प्रथिन पेशीत शिरले की शहाणीसुरती पेशी बेफाम वाढू लागते. ते प्रथिन पेशीच्या आत नेमका कोणाचा हात धरते, हा प्रश्न होता. टॉम रॉबर्ट्स आणि ब्रायन शॅफहाउझन हे दोघे शास्त्रज्ञ या विषाणूवर काम करत होते. कँटली त्यांच्याबरोबर कामाला लागले आणि त्यांना आढळले की विषाणूच्या या प्रथिनाला पेशीतलेच एक विकर, म्हणजे एन्झाइम, चिकटून येते. विषाणूच्या ज्या काही बिघडलेल्या जातींना गाठी करता येत नव्हत्या, त्यांच्या प्रथिनाला हे विकर चिकटतही नव्हते. संशय बळावला.

हे विकर करते काय? पेशीच्या पडद्यात काही स्निग्ध पदार्थ असतात. त्यांपैकी एकाच्या टोकाला सहा कोपऱ्यांचे एक कडे असते. त्या कड्यावर फॉस्फेट चिकटवणे हे याचे काम. अशी विकरे आधीही माहीत होती. ती चौथ्या आणि पाचव्या कोपऱ्यावर फॉस्फेट लावतात, असे पुस्तकांत छापलेले होते. त्यामुळे हेही त्यांतलेच एक असणार, असे धरून चालणे सोपे होते. पण कँटली यांचा विद्यार्थी माल्कम व्हिटमन याने बारकाईने तपासले तेव्हा हा पदार्थ किंचित वेगळा निघाला. फॉस्फेट लागत होता तो तिसऱ्या कोपऱ्यावर. असा पदार्थ तोवर कोणी पाहिलाच नव्हता. पेशीतले त्याचे प्रमाणही अगदी नगण्य. एवढ्याशा गोष्टीला कसले महत्त्व, असे म्हणणाऱ्यांची उणीव नव्हती. १९८८ मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात हा शोध प्रसिद्ध झाला. या विकराचे नाव पीआय-३-कायनेज. त्यातला तीनचा आकडा या तिसऱ्या कोपऱ्याचा.

एका कड्याच्या चौथ्याऐवजी तिसऱ्या कोपऱ्यावर फॉस्फेट! आपल्यापैकी कोणी सरकारी कचेरीत बसून अनुदान मंजूर करत असता, तर या विषयासाठी एक रुपया तरी दिला असता का? मनाशी प्रामाणिकपणे विचारून पाहावे.

बेलचे अडकलेले बटण

हे विकर महत्त्वाचे का, ते एका साध्या उदाहरणाने सांगतो. पेशीला घर समजा. दारावर बेलचे बटण आहे. बाहेरून भाजीवाला, दूधवाला येतो, बटण दाबतो. भिंतीतल्या तारेतून वीज जाते, आत घंटी वाजते, घरातली माणसे उठतात, दार उघडतात आणि माल आत घेतात. शरीरात इन्शुलिन हा असाच एक निरोप्या आहे. जेवणानंतर रक्तात साखर वाढते, स्वादुपिंड इन्शुलिन सोडते आणि ते स्नायू व चरबीच्या पेशींचे बटण दाबते. पेशी साखर आत घेते. वाढीचा संदेश देणारी इतर रसायनेही असेच बटण दाबतात आणि पेशीला वाढायला, विभागायला सांगतात.

बटणापासून घंटीपर्यंतची जी तार आहे, तिच्यातला पहिला महत्त्वाचा जोड म्हणजे पीआय-३-कायनेज. १९९० मध्ये कँटली आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की इन्शुलिन आल्यावर हेच विकर जागे होते. म्हणजे जेवणाचा संदेश आणि वाढीचा संदेश एकाच तारेतून जातात. मधुमेहाचा तज्ज्ञ आणि कर्करोगाचा तज्ज्ञ वेगवेगळ्या मजल्यांवर बसत असले तरी दोघांच्या खोलीतली तार एकच! २०१६ चे वैद्यकशास्त्राचे वुल्फ पारितोषिक मधुमेहाचे संशोधक रोनाल्ड काह्न आणि कँटली यांना एकत्र मिळाले, ते यामुळेच शोभून दिसले.

आता कल्पना करा की बेलचे बटण आतच अडकून बसले. बाहेर कोणी नाही, तरी घंटी वाजतेच आहे. घरातली माणसे उठताहेत, दार उघडताहेत, माल आत घेताहेत, नव्या खोल्या बांधताहेत. थांबायला कोणी सांगतच नाही. अनेक कर्करोगांत हेच घडते. २००४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाने माणसांच्या गाठी तपासल्या. त्यात या विकराचे जनुक पुष्कळ ठिकाणी बिघडलेले सापडले. स्तनाच्या कर्करोगाचा जो सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे, त्यातील साधारण ४० टक्के रुग्णांत हा बिघाड असतो. पेशीत घंटी बंद करणारेही एक विकर असते. तिसऱ्या कोपऱ्यावर बसलेला फॉस्फेट ते काढून टाकते. त्याचे नाव पीटेन. त्याचे जनुक १९९७ मध्ये सापडले आणि त्याचे हे काम १९९८ मध्ये कळले. पुष्कळ गाठींमध्ये हेच हरवलेले असते. बटण अडकले काय किंवा बंद करणारा गेला काय, परिणाम एकच.

ज्या नगण्य पदार्थाला कोणी विचारत नव्हते, तो कर्करोगशास्त्राच्या मध्यभागी येऊन बसला.

लाकूड जाळायचे की वासे करायचे?

आता साखरेकडे वळू. बर्लिनमध्ये १९२० च्या दशकात ऑटो वॉरबुर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने पाहिले की कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज, म्हणजे रक्तातली साखर, भराभर ओढून घेतात. पण ती प्राणवायूच्या साहाय्याने पूर्ण जाळत नाहीत. अर्धवट वापरून तिचे लॅक्टिक आम्ल करून बाहेर टाकतात. वॉरबुर्ग यांना १९३१ मध्ये पेशींच्या श्वसनावरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पेशींचे श्वसन बिघडल्यामुळेच कर्करोग होतो, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. मोबाईलवर फिरणारे मजकूर बहुधा वॉरबुर्ग यांच्याच नावाने सुरू होतात. पण शास्त्र १९३१ मध्ये थांबले नाही, हे त्या मजकुरांत नसते.

कोड्यात टाकणारी गोष्ट ही की वेगाने वाढणारी पेशी इतकी उधळपट्टी का करते? पूर्ण जाळले तर एका ग्लुकोजपासून कितीतरी जास्त ऊर्जा मिळते. २००८ मध्ये कँटली यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की साखरेच्या प्रवासातल्या शेवटच्या टप्प्यावरच्या एका विकराचा वेगळा प्रकार कर्करोगाच्या पेशी वापरतात आणि गाठ वाढायला त्याची मदत होते. २००९ मध्ये मॅथ्यू व्हँडर हायडन, कँटली आणि क्रेग थॉम्प्सन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहून या उधळपट्टीचा अर्थ सांगितला. तो मला फार पटला.

घरी लाकूड आणले की त्याचे दोन उपयोग. चुलीत घालून सगळे जाळावे, ऊब मिळते, भात शिजतो. पण नवे घर बांधायला काढले असेल तर सगळे लाकूड चुलीत घालून कसे चालेल? वासे, तुळया, चौकटी कशाच्या करणार? एका पेशीच्या दोन पेशी व्हायच्या तर नवे पडदे, नवी प्रथिने, नवी जनुके बांधावी लागतात. त्यासाठी कच्चा माल हवा. म्हणून वाढणारी पेशी साखर पूर्ण जाळून टाकत नाही. तिचा काही भाग बांधकामाकडे वळवते. आणि हे वळवण्याचा हुकूम देणाऱ्यांत आपले पीआय-३-कायनेज आहेच. वॉरबुर्ग यांनी धूर पाहिला होता. आत बांधकाम चालू आहे, हे पाऊणशे वर्षांनी नीट कळले.

पेट स्कॅन ही तपासणी याच गुणावर चालते. किंचित किरणोत्सर्गी केलेली साखर टोचतात आणि ती शरीरात कुठे जास्त जमते ते पाहतात. मुंबई-पुण्याहून पेट स्कॅन करून आलेले रुग्ण सांगतात, ‘साखर दिली आणि गाठ चमकली, म्हणजे गाठ साखरच खाते ना?’ निरीक्षण बरोबर आहे. पण त्याच स्कॅनमध्ये मेंदूही लख्ख चमकतो. मेंदू साखर खातो म्हणून आपण त्याला उपाशी मारायला निघतो का?

औषध आले, साखर चढली

घंटीची तार सापडल्यावर ती कापणारी औषधे शोधणे ओघानेच आले. ते मात्र सोपे गेले नाही. रक्ताच्या काही कर्करोगांसाठी या जातीचे पहिले औषध अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झाले. यकृत, आतडी, फुप्फुसे यांवर त्याचे दुष्परिणाम दिसले. पुढे या जातीच्या काही औषधांच्या मंजुऱ्या कंपन्यांनी स्वतःहून मागेही घेतल्या. स्तनाच्या कर्करोगासाठी अल्पेलिसिब हे औषध २०१९ मध्ये मंजूर झाले. ज्यांच्या गाठीत या जनुकाचा बिघाड आहे, अशा पुढच्या टप्प्यातील रुग्णांना हे औषध हार्मोनच्या इंजेक्शनबरोबर दिले, तेव्हा रोग पुन्हा बळावेपर्यंतचा काळ ५.७ महिन्यांवरून ११ महिन्यांवर गेला. ही मुक्ती नव्हे. पण ज्या घरात पाच महिने वाढले, त्या घराला त्याची किंमत विचारा. २०२४ मध्ये याच मार्गावरचे इनाव्होलिसिब हे आणखी एक औषध अमेरिकेत मंजूर झाले आहे.

अल्पेलिसिब घेणाऱ्या सुमारे ६४ टक्के रुग्णांची रक्तातली साखर वाढली, आणि एकूण रुग्णांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक जणांत ती चांगलीच वाढली. का वाढली हे आता वाचकांच्या लक्षात आले असेल. तार एकच! कर्करोगाची घंटी बंद करायला गेलो तर इन्शुलिनचीही बंद पडते. मग स्नायू साखर घेत नाहीत, यकृत साठवलेली साखर सोडते, साखर चढते आणि बिचारे स्वादुपिंड आणखी इन्शुलिन ओतते.

कँटली यांच्या गटाने २०१८ मध्ये उंदरांवर प्रयोग करून सांगितले की हे वाढलेले इन्शुलिनच गाठीतली बंद केलेली घंटी पुन्हा वाजवू लागते आणि औषधाचा जोर कमी करते. मग त्यांनी उंदरांना अगदी कमी पिष्टाचा, स्निग्ध पदार्थांचा आहार दिला. इन्शुलिन खाली राहिले आणि औषध अधिक चांगले लागू पडले. ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो!’ असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. त्याच प्रयोगातला पुढचा भाग मोबाईलवरच्या मजकुरात नसतो. औषध न देता नुसताच तो आहार दिला, तेव्हा गाठींवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. आणि रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात तर त्या उंदरांचा रोग अधिक वेगाने वाढला. साखर तोडणाऱ्या आहाराचा सर्वांत मोठा अभ्यासक स्वतःच सांगतो की नुसत्या आहाराने काम होत नाही, उलट नुकसानही होऊ शकते. हे वाक्य कापून कपाटाच्या दारावर चिकटवावे, असे मला वाटते.

उंदरांवरून माणसांवर उडी नको

कँटली यांचे आणखी दोन प्रयोग गाजले. २०१५ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की ‘क’ जीवनसत्त्वाच्या फार मोठ्या मात्रेने आतड्याच्या कर्करोगाच्या काही विशिष्ट पेशी मरतात. हे प्रयोग काचेच्या बशीत आणि उंदरांवर झाले. बातमी पसरली आणि लिंबू-आवळ्याचे भाव वाढायचे तेवढे बाकी राहिले. एवढी मोठी मात्रा तोंडाने घेऊन रक्तात कधीच पोचत नाही. ती शिरेतून द्यावी लागते. आणि चीनमध्ये आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांना केमोथेरपीबरोबर अशी मात्रा शिरेतून देऊन मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. एकूण रुग्णांचा विचार करता रोग आटोक्यात राहण्याच्या काळात वाढ दिसली नाही. आवळा जरूर खावा, तो गुणाचाच आहे. त्याला केमोथेरपीच्या खुर्चीत बसवू नये, एवढेच.

दुसरा प्रयोग २०१९ चा. आतड्यात गाठी होण्याचा उपजत दोष असलेल्या उंदरांना रोज थोडे गोड पेय, म्हणजे शीतपेयांत घालतात तसला मक्याचा गोड पाक, पाजला. उंदीर लठ्ठ झाले नाहीत, तरी त्यांच्या गाठी मोठ्या झाल्या. हेही उंदीरच, पण रोज बाटलीबंद गोड पेये पिणाऱ्या आपल्या पोरांकडे पाहून हा निष्कर्ष माझ्या मनातून जात नाही. कारण माणसांबाबत एक गोष्ट वेगळ्या अभ्यासांतून पक्की झाली आहे. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने सांगितले की लठ्ठपणामुळे १३ प्रकारच्या कर्करोगांचा धोका वाढतो. मोठे आतडे, गर्भाशय, स्वादुपिंड, पित्ताशय, मूत्रपिंड आणि पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग ही त्यांतली काही नावे. लठ्ठ माणसाच्या रक्तात इन्शुलिन कायम चढे असते. बेल दिवसभर वाजते आहे असे समजा.

मग आपण काय करावे?

आधी निरोगी माणसाचे बोलू. साखर विष नाही. पण तिची हद्द आहे. वरून घातलेली साखर दिवसाकाठी पाच-सहा चहाच्या चमच्यांपलीकडे जाऊ नये. आपल्याकडे पाहुणचाराच्या चार कप चहातच ती संपते. ‘मग गूळ चालेल ना?’ असे लगेच विचारले जाते. गूळ म्हणजे रंग असलेली साखरच. पेशीला जात-पात कळत नाही. बाटलीबंद गोड पेये घरात आणू नयेत. पोट पुढे येऊ देऊ नये. रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चालावे. स्नायू कामाला लागले की कमी इन्शुलिनमध्ये साखर घेतात. याला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

आता रुग्णाचे. माझे कळकळीचे सांगणे येथेच आहे. कर्करोगाचे निदान झाले की घरातले शहाणे लोक पहिली कुऱ्हाड ताटावर चालवतात. साखर बंद, भात बंद, भाकरी बंद, दूध बंद, केळे बंद. रुग्ण दुधी भोपळ्याच्या रसावर! महिन्याभरात आठ-दहा किलो वजन उतरते. मग केमोथेरपीच्या पुढच्या फेरीला रुग्ण पोचतो तेव्हा रक्त कमी, अंगात बळ नाही, म्हणून डॉक्टर ती फेरी पुढे ढकलतात. इकडे गाठ थांबत नाही. ‘रोग रेड्याला, औषध पखालीला’ म्हणतात ते हेच. तुम्ही साखर तोडली म्हणून रक्तातली साखर संपत नाही. यकृत ती तयार करत राहते, आणि त्यासाठी कच्चा माल म्हणून आपल्याच स्नायूंची प्रथिने वापरते. म्हणजे गाठीचे ताट भरलेलेच राहते आणि उपाशी मरतो तो रुग्ण. शिवाय गाठ एकट्या साखरेवर जगत नाही. प्रथिने आणि चरबीवरही ती हात मारते.

माझ्या पाहण्यातले एक कुटुंब आहे. आई साठीची, स्तनाचा कर्करोग, शस्त्रक्रिया वेळेवर झालेली. मुलाने मोबाईलवर वाचून आईचा भात आणि साखर तोडली. बाई कधीच तक्रार न करणारी. ड्रेसिंगला आली तेव्हा मुलगा औषध आणायला बाहेर गेल्याचे पाहून म्हणाली, ‘डॉक्टर, दहीभात खाल्ला तर पाप लागेल का हो?’ मुलाचे प्रेम खोटे नव्हते. पण ज्या प्रेमाने आईला दहीभात मागायची चोरी होते, त्या प्रेमाला कोणीतरी समजावून सांगायला हवे. आम्ही डॉक्टर मंडळींनी ते दोन मिनिटे काढून सांगावे.

रुग्णाला भात, भाकरी, वरण, उसळ, दूध, दही, अंडी, जे पचेल आणि रुचेल ते द्यावे. वजन दर आठवड्याला करून लिहून ठेवावे. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवायचीच, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्याने. हा लेख वाचून कोणी आपले इन्शुलिन बंद करू नये. तो शुद्ध आत्मघात होईल. वर सांगितलेला इन्शुलिनचा प्रश्न त्या विशिष्ट औषधांपुरता आहे आणि तो सोडवणे कर्करोगतज्ज्ञाचे काम आहे. आणि ‘आमच्या आहाराने केमो लागत नाही’ असे कोणी सांगू लागला तर तो वैद्य असो, महाराज असो की पदवीधर, त्याला दुरून नमस्कार करावा.

शेवटी एक विसंगती दाखवतो. चहात साखर नको म्हणून बजावणाऱ्या माणसाच्या खिशात माव्याची पुडी असते. भारतात पुरुषांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे आणि त्याचे कारण शोधायला बोस्टनला जावे लागत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तो कुठे मिळतो हे मात्र शाळकरी पोरालाही ठाऊक असते. घरातल्या बायकांची मशेरी हीही तंबाखूच. नुसती सुपारीही निर्दोष नाही. आरोप साखरेवर आणि अभय तंबाखूला, असा आपला न्याय आहे! तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड उघडायला त्रास, स्तनात गाठ, पाळी गेल्यानंतर किंवा शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, यांतले काही दिसले तर जवळच्या डॉक्टरला दाखवावे. लवकर सापडलेल्या रोगाला आजही आपल्याकडे चांगला उपचार आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. त्याची चौकशी करावी.

कँटली यांना २०१३ मध्ये पहिल्याच वर्षीच्या ‘ब्रेकथ्रू’ पारितोषिकाचा मान मिळाला, तीस लाख डॉलरचा. २०१२ मध्ये ते न्यूयॉर्कला वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयाच्या कर्करोग केंद्राचे संचालक झाले होते; २०२२ मध्ये ते पुन्हा बोस्टनला, डाना-फार्बर या कर्करोग संस्थेत गेले. १९८८ चा तिसरा कोपरा ते २०१९ चे औषध, मध्ये ३१ वर्षे गेली. आपल्या तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी हा आकडा लक्षात ठेवावा, आणि ‘याचा उपयोग काय?’ असे त्यांना विचारणाऱ्या पालकांनीही. जे सत्य शोधायला तीन दशके लागली, ते मोबाईलवरच्या तीन ओळींत मावत नाही. म्हणून पुढच्या वेळी तसा मजकूर आला, तर रुग्णाचे ताट उचलण्याआधी तो घेऊन आपल्या डॉक्टरकडे जा आणि विचारा. विचारण्याचे पैसे आम्ही लावत नाही.